विश्लेषण : कॉलेज जुन्या इमारतीत हलवताना इंटरनेट शेवटी का आठवते?

१९४६मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले ते लष्करी बराकींत. तेव्हा फळा, बाक आणि पुस्तके असली की वर्ग भरत. सोलापूरलाही वास्तूचा उपयोग बदलणे नवे नाही. वारदांच्या इंद्रभुवनात आज महापालिका आहे. मात्र आता यंत्रमागाची शेड किंवा जुना वाडा कॉलेजसाठी घ्यायचा, तर भाडे आणि रंगाआधी केबलचा विचार हवा. तो सहसा उद्‌घाटनाच्या तोंडावर होतो.

भिंतींचा अडसर काय?

जाड दगडी भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, पण वाय-फाय अडवतात. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल तर २.४ पेक्षा लवकर क्षीण होतो. व्हरांड्यात एक राउटर टांगून भागत नाही. मोठ्या वर्गात स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट आणि तिथवर केबल लागते. तांब्याची केबल साधारण १०० मीटरपर्यंतच चालते, पुढे फायबर. पाइप गिलाव्याआधी टाकले तर काम सोपे. नंतर भिंत फोडा, पुन्हा रंगवा.

शेडमध्ये वेगळीच अडचण. छपरातून येणारा उजेड मागाला उत्तम, प्रोजेक्टरला मारक. आणि पारा चाळिशीपार गेल्यावर पत्र्याखाली सर्व्हर तग धरत नाही. त्याला जिन्याखालची अडगळ नव्हे, आतली बंद खोली आणि एसी हवा. कारखान्याची वायरिंग आहे म्हणून निर्धास्त राहू नये. महावितरणकडील मंजूर भार आणि अर्थिंग तपासावेच.

खरी कसोटी कधी?

परीक्षेच्या दिवशी. अनेक विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिका आता पेपरच्या थोडे आधी ऑनलाइन येतात आणि केंद्रावरच छापल्या जातात. नेमके तेव्हा इंटरनेट गेले, तर विद्यार्थी ताटकळतात. म्हणून दोन कंपन्यांची जोडणी हवी, तीही वेगवेगळ्या मार्गांनी. एकाच चरातून दोन्ही केबल नेल्या, तर रस्ता खोदणारा एकच जेसीबी दोन्ही तोडतो. प्रिंटरही यूपीएस किंवा जनरेटरवर चालेल हे पाहावे.

स्मार्ट बोर्डचा फोटो छान येतो, केबलचा येत नाही. खर्चाचे प्राधान्यही बहुधा तिथेच चुकते. आर्किटेक्टबरोबरच्या पहिल्या बैठकीला संस्थाचालकांइतकेच लॅब असिस्टंट आणि परीक्षा विभागाचे लिपिक हवेत. कुठे काय अडते, हे त्यांनाच ठाऊक असते. आणि नव्या जागेत एक परीक्षा सुरळीत पार पडेपर्यंत जुन्या जागेतले इंटरनेट तोडू नये.