खेळ परतला, तो कोणासाठी?

महामारीमुळे २०२० साली अमेरिकेतील राष्ट्रीय महाविद्यालयीन पुरुष बास्केटबॉल स्पर्धा रद्द झाली आणि महाविद्यालयांत वाटावयाचे ६० कोटी डॉलर साडेबावीस कोटींवर आले. २०२१ च्या मार्चमध्ये सारी स्पर्धा एकट्या इंडियाना राज्यात भरविण्याचा जो अट्टाहास झाला, त्याचे मर्म या तुटीत आहे. खेळाडूंना हॉटेलांत कोंडून रोज तपासले गेले. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाचा संघ तर काहीजण बाधित निघाल्याने एकही सामना न खेळता परतला. एवढे सोसूनही वेतन नाही, कारण म्हणे ते ‘हौशी’! त्याच जूनमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, शैक्षणिक लाभांपुरता का होईना, या सोवळ्याला एकमताने धक्का दिला. थेट मोबदल्याची मुभा मात्र २०२५ च्या जुलैत मिळाली; तोवर इंडियानात कोंडलेली बहुतेक मुले महाविद्यालय सोडून गेली होती.