ज्यो, लॉरी आणि 'चांगलं स्थळ'

पुस्तकातल्या एका मुलीचं लग्न कुणाशी व्हायला हवं होतं यावर माणसं किती वर्षं भांडू शकतात? तर दीडशेपेक्षा जास्त! मी बोलते आहे लुईझा मे अल्कॉट यांच्या 'लिटल विमेन'मधल्या ज्योबद्दल. शांताबाई शेळके यांनी ही कादंबरी 'चौघीजणी' या नावाने मराठीत आणली, आणि मेग, ज्यो, बेथ, एमी या चौघी बहिणी आपल्याकडच्या कितीतरी घरांत घरच्याच होऊन गेल्या. मग ज्योच्या लग्नाच्या भांडणात आपणही ओघाने आलोच.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोष्ट सुरू होते तेव्हा ज्यो १५ वर्षांची आहे. अमेरिकेत यादवी युद्ध चालू आहे, वडील तिकडे गेलेले, घरात पैशाची ओढाताण. ज्यो धसमुसळी, तापट, पुस्तकात बुडालेली, लेखिका व्हायचं स्वप्न बघणारी. शेजारच्या मोठ्या घरात श्रीमंत आजोबांजवळ राहणारा लॉरी तिच्याच वयाचा. दोघांची अशी गट्टी जमते की वाचणारा मनातल्या मनात अक्षता घेऊन तयार! आणि पुढे कॉलेज संपवून लॉरी लग्नाचं विचारतो तेव्हा ज्यो चक्क नाही म्हणते. लॉरी कालांतराने तिच्या धाकट्या बहिणीशी, एमीशी, लग्न करतो. ज्यो लग्न करते ते चाळिशीच्या आसपासच्या, गरीब, दाढीवाल्या जर्मन प्राध्यापक भाएरशी.

झालं! तेव्हापासून दोन तट पडले आहेत. एक लॉरीवाल्यांचा, एक भाएरवाल्यांचा. २०१९ साली ग्रेटा गरविगचा सिनेमा आला तेव्हा लॉरीच्या कामात तिमथी शालामे हा देखणा नट होता, मग काय विचारता! माझी नात आणि तिची मैत्रीण या विषयावर अशा तावातावाने बोलतात की जणू लग्न पुढच्या आठवड्यात आहे आणि हॉल अजून ठरायचा आहे. मला त्यांचं कौतुकच वाटतं. कोणत्या प्रसंगात कोण काय म्हणालं, कुणी कुणाकडे कसं पाहिलं, सगळं तोंडपाठ. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं अशी पुराव्यानिशी लिहिणारी मुलं मला नोकरीच्या सगळ्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मिळाली.

या भांडणाचा इतिहासही गंमतीचा आहे. पुस्तकाचा पहिला भाग १८६८ साली आला आणि दुसरा १८६९ साली. मधल्या काही महिन्यांत लेखिकेकडे मुलींची पत्रं येऊ लागली. प्रश्न एकच, या बहिणींची लग्नं कुणाशी होणार? अल्कॉटबाई वैतागल्या. बाईच्या आयुष्याचं सार्थक फक्त लग्नातच आहे का, अशा अर्थाचं त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं, आणि कुणाला खूश करण्यासाठी ज्योला लॉरीच्या गळ्यात बांधणार नाही हेही. त्यांच्या मनातली ज्यो अविवाहित लेखिका म्हणून राहायची होती, त्या स्वतः राहिल्या तशीच. पण मागणीचा जोर एवढा की लग्नच टाळणं त्यांना जमेना. तेव्हा हट्टाने, थोड्या खोडसाळपणानेच, त्यांनी भाएर उभा केला. पुढे १८८६ च्या 'जोज बॉइज'मध्ये ज्यो प्रसिद्ध लेखिका होते आणि घरी येऊन धडकणाऱ्या चाहत्यांपासून लपत फिरते. बाईंनी तिथे हिशेब चुकता केला म्हणायचा!

लेखकाने ठरवलं म्हणजे वाद मिटतो असं नाही, हे हॅरी पॉटरच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. हर्मायनी रॉनची की हॅरीची यावर वर्षानुवर्षं रणं पेटली. २००७ साली शेवटच्या पुस्तकाने निकाल दिला. तरी २०१४ साली खुद्द लेखिकेनेच रॉनच्या जोडीबद्दल शंका बोलून दाखवली आणि निखाऱ्यांवरची राख पुन्हा उडाली.

आता माझं मत. भाएर बरा की वाईट यात मला फारसा रस नाही. ज्योच्या सनसनाटी गोष्टींना तो नावं ठेवतो म्हणून काही जणींना तो आवडत नाही, आणि त्यांचा राग मला समजतो. पुढे दोघं मिळून मुलांची शाळा काढतात म्हणून मास्तरकी केलेल्या माझ्यासारखीला तो थोडा जवळचा वाटतो, इतकंच. मला मोलाचा वाटतो तो ज्योचा नकार.

का, ते सांगते. लॉरीत खोट काढायला जागा नाही. देखणा, श्रीमंत, जीव लावणारा, आजोबांचा आशीर्वाद, घर शेजारीच. आपल्या भाषेत सांगायचं तर 'चालून आलेलं स्थळ'. दारुड्याला, हुंडा मागणाऱ्याला नाही म्हणणारी नायिका लिहिणं सोपं. तिथे सगळे तिच्या बाजूने उभे राहतात. पण चांगल्या मुलाला, 'माझ्या मनात तसं नाही' म्हणून नाही म्हणायचं? आणि आपल्या नकाराने तो दुखावतो आहे हे दिसत असताना म्हणायचं? हे अल्कॉटबाईंनी १८६९ साली लिहिलं.

याची किंमत मला वर्गात कळली. माझी एक विद्यार्थिनी, बारावीला उत्तम गुण, पुढे शिकायची जबर इच्छा. निकालानंतर महिन्याभरात तिचं लग्न ठरलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "बाई, मुलगा खरंच चांगला आहे हो. नाही कशी म्हणू?" कुणी जबरदस्ती केली नव्हती. मुलगाही खरोखर सालस होता. फक्त 'मुलगा चांगला आहे' आणि 'मला हवा आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. अशा आणखीही काही जणी आठवतात.

म्हणून लॉरीवाल्यांचं बोलणं ऐकलं की मला हसूही येतं आणि थोडी काळजीही वाटते. "इतका चांगला मुलगा, इतका जीव लावतो, मग काय हरकत होती?" हे सगळ्या मावश्या-आत्यांचं वाक्य आहे, फक्त ते आता सोळा वर्षांच्या मुली बोलतात. ज्योला काय हवं होतं ते पुस्तकात पानोपानी आहे. माळ्यावर बसून लिहायचं, स्वतःच्या लेखणीवर घराला हातभार लावायचा. ते वाचूनही तिच्या आयुष्यातला मोठा प्रश्न 'कुणाशी?' हाच उरत असेल, तर आपणही १८६८ सालच्या त्या पत्र लिहिणाऱ्या मुलींपासून फार दूर आलेलो नाही.

जोड्या लावू नका असं मी मुळीच म्हणत नाही. त्यात गंमत आहे, आणि आवडत्या माणसाचं भलं व्हावं ही मायाही आहे. भांडा खुशाल. पण आपल्या पसंतीचा मुलगा पुढे करण्याआधी एकदा ज्योचं म्हणणंही ऐकून घ्या. तिचं कारण पटलं नाही, तरी ते नाहीच.

नात म्हणते, "आजी, तू कुठल्याच गटात नाहीस, हे चीटिंग आहे." मी ज्योच्या गटात आहे. तुम्ही?