नाव परत मिळवणारा खेळाडू

१९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये भारोत्तोलनाच्या ६० किलो वजनी गटात नईम सुलेमानोग्लूने क्लीन अँड जर्क प्रकारात १९० किलो उचलले. स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून अधिक! उंची जेमतेम १४७ सेंटिमीटर. स्नॅचमधले १५२.५ किलो धरून एकूण ३४२.५ किलो झाले, आणि सुवर्णपदक तुर्कस्तानला गेले.

नईम जन्मला मात्र बल्गेरियात, तिथल्या तुर्की अल्पसंख्याकांत. १९८४-८५च्या हिवाळ्यात कम्युनिस्ट सरकारने या लाखो लोकांवर बल्गेरियन नावे लादली. विश्वविक्रमवीर नईमही त्यातून सुटला नाही. तो कागदोपत्री ‘नाउम शालामानोव्ह’ झाला. डिसेंबर १९८६मध्ये मेलबर्नच्या विश्वचषक स्पर्धेसाठी गेला असता तो निसटला, तुर्कस्तानात पोहोचला आणि आपले नाव परत मिळवले.

पुढे १९९२ला बार्सिलोना, १९९६ला अटलांटा अशी आणखी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके. अटलांटात ग्रीसच्या व्हालेरिओस लिओनिदिसला त्याने अवघ्या अडीच किलोंनी हरवले. २०१७मध्ये नईम गेला, तेव्हा हाच लिओनिदिस इस्तंबूलला त्याच्या अंत्यदर्शनाला आला होता. ग्रीस आणि तुर्कस्तान यांचे जुने वैर या मैत्रीच्या आड आले नाही.

खेळ आणि राजकारण वेगळे ठेवा, असे खेळाडूंना वारंवार बजावले जाते. इथे राजकारणच खेळाडूच्या घरात शिरले होते. म्हणून हा अंक पदकांची यादी देऊन थांबत नाही. खेळाडूला आपले नाव, भाषा आणि माणसे जपण्याचा हक्क आहे. देशासाठी जिंकण्याची अट त्या हक्काला कुणीही घालू नये, हे आम्हाला ठामपणे सांगायचे आहे.