न संपणाऱ्या मालासाठी आगाऊ पैसे कशाला?

४ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसातला ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ विक्रीला आला आणि गेम विकणारी बडी ऑनलाइन दुकानं एकदम लंगडी पडली. स्टीम, निन्टेन्डो ईशॉप, प्लेस्टेशन स्टोअर, एक्सबॉक्स स्टोअर, सगळीकडे तीच तऱ्हा. कुठे पान उघडेना, कुठे गेम कार्टमध्ये पडेना, कुठे पैसे भरायच्या टप्प्यावर गाडी अडलेली. आपल्याकडे गणपतीचे दिवस, त्यात आरतीची वेळ. गेमर मंडळींचा जीव मात्र त्या खरेदीच्या बटणात अडकलेला.

काही तासांत सगळं रुळावर आलं. त्याच दिवशी एकट्या स्टीमवर एका वेळी पाच लाखांहून जास्त लोक हा गेम खेळत होते. एवढी गर्दी खेचणारा गेम कुणा बलाढ्य कंपनीचा नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातली ‘टीम चेरी’ म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. घोषणा झाली फेब्रुवारी २०१९ मध्ये, गेम हातात पडला साडेसहा वर्षांनी, आणि किंमत फक्त २० डॉलर. त्या दिवशी तो घ्यायचा तर डाउनलोड करण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

इतकी झुंबड उडण्यामागे एक साधं कारण होतं. या गेमची प्री-ऑर्डर कुणाकडून घेतलीच नव्हती. तारीख जाहीर केली तीही जेमतेम दोन आठवडे आधी. त्यामुळे ज्याला हवा होता तो प्रत्येक जण एकाच मिनिटाला दाराशी आला. बऱ्याच जणांनी त्याला नियोजनाचा अभाव म्हटलं. मला मात्र त्या वर्षातली ती सगळ्यात सरळ विक्री वाटली. माल तयार झाला, दुकान उघडलं, ज्याला हवा त्याने घेतला.

डाउनलोड करायच्या छोट्या गेमसाठी लोक असे ताटकळले होते ते यापूर्वी २००८ मध्ये. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० वर ‘समर ऑफ आर्केड’ नावाने पाच बुधवारी पाच गेम आणले. त्यात ‘ब्रेड’ होता, ‘कॅसल क्रॅशर्स’ होता. ‘ब्रेड’ हा जोनाथन ब्लो यांनी पदरचे पैसे घालून केलेला गेम. त्यात मेलात तरी खेळ संपत नाही. एक बटण दाबून ठेवलं की काळ उलटा धावतो, पडलेला नायक उडत पुन्हा कड्यावर येतो, आणि त्या उलट्या काळातूनच कोडं सोडवायचं असतं. दुकानात डिस्कच्या खोक्यांच्या फळीवर असल्या गेमला कुणी जागा दिली नसती. कन्सोलच्या डाउनलोड दुकानाने दिली, तीही मोजूनमापून. सुरुवातीला या दुकानातला गेम ५० एमबीच्या आत बसवावा लागे, कारण स्वस्तातल्या एक्सबॉक्सला हार्ड डिस्कच नव्हती आणि मेमरी कार्ड होतं ६४ एमबीचं.

पुढे जागेची मर्यादा गेली, तसे दुकानाचे दरवाजे सताड उघडले आणि आत इतका माल भरला की चांगलं काही शोधणंच अवघड झालं. एखाद्या छोट्या गेमची तारीख लक्षात ठेवावी, असे दिवस मागे पडले. ते २०२५ मध्ये परत आले. एप्रिलमध्ये ‘ब्लू प्रिन्स’, सप्टेंबरच्या सुरुवातीला ‘सिल्कसाँग’, त्याच महिन्यात २५ तारखेला ‘हेडीज २’. आपल्याकडे प्लेस्टेशन ५ वरचा मोठा नवा गेम पाच हजारांच्या घरात जातो, तेव्हा त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत महिना-महिना पुरणारा खेळ मिळतोय म्हटल्यावर लोक वळणारच. शिवाय छोट्या गेमच्या बाबतीत जाहिरातीच्या आधी माणसं कळतात. ‘हॉलो नाइट’ कुणी केला, ‘हेडीज’ कुणी केला, हे खेळणाऱ्याला तोंडपाठ असतं; त्यांचं पुढचं काम येणार म्हटलं की कान टवकारतात.

हा उत्साह मला मनापासून आवडतो. प्रश्न आहे तो या उत्साहाच्या पाठोपाठ येणाऱ्या प्री-ऑर्डरच्या बटणाचा.

हापूसची पेटी फेब्रुवारीत सांगून ठेवली तर ते समजू शकतं. झाडावर आंबे मोजकेच असतात. डिस्कचंही एके काळी तसंच होतं. गावातल्या दुकानात चार प्रती यायच्या आणि पाचवं गिऱ्हाईक हात हलवत परत जायचं. डाउनलोड गेमची प्रत कधी संपत नाही. रात्री बाराला घ्या, सहा महिन्यांनी घ्या, दुकानात ती असतेच. मग आगाऊ पैसे देऊन आपण नक्की काय राखून ठेवतो? फार तर एखादा रंगीत पोशाख, एखादी चमकदार तलवार, दोन दिवस आधी खेळायची मुभा. या बदल्यात आपण सोडतो ती आपल्या हातातली एकमेव ताकद : गेम बघून नको म्हणायची.

‘सायबरपंक २०७७’ आठवा. १० डिसेंबर २०२० ला तो आला तेव्हा ८० लाख आगाऊ मागण्या नोंदवलेल्या होत्या, आणि त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश डिजिटल. म्हणजे कधीही न संपणाऱ्या मालासाठी लाखो लोकांनी आधीच पैसे मोजले होते. समीक्षकांना प्रकाशनाआधी मिळाली ती पीसीची आवृत्ती. प्लेस्टेशन ४ वर त्याच गेमची काय अवस्था आहे, हे पैसे भरलेल्यांना पैसे भरल्यावर कळलं. अडखळणारी चित्रं, मध्येच बंद पडणारा खेळ. आठवडा-दीड आठवड्यात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो परत दुकानात आला. आज तो चांगला गेम म्हणून ओळखला जातो, म्हणजे ज्यांनी थांबून घेतला त्यांना तो जास्त चांगला मिळाला, बहुतेकांना स्वस्तातही.

त्या वेळी पैसे परत मिळाले ते प्रकरण हाताबाहेर गेलं म्हणून. एरवी कन्सोलवरचे नियम कडक आहेत. स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो. प्लेस्टेशन स्टोअरवर एकदा डाउनलोड सुरू केला की गेममध्ये दोष असल्याशिवाय परतीची वाट साधारणपणे बंद होते. निन्टेन्डो तर झालेली विक्री अंतिमच मानते. त्यात डाउनलोड गेम पुढे विकता येत नाही. आपल्याकडच्या गेमरला याची झळ जास्त बसते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुनी सीडी देऊन, वर थोडे पैसे भरून नवी घेणं, मित्राशी अदलाबदल करणं, या हिशोबावर इथे कित्येकांचा शौक चालत आला आहे. डिस्कचा गेम नावडला तरी निम्मेअधिक पैसे सुटतात. डाउनलोडचा नावडला तर तो तुमच्या खात्यात तसाच पडून राहतो. जिथे चूक निस्तरता येत नाही, तिथे आधी पैसे देणं हा शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ‘सिल्कसाँग’च्या आधीचा ‘हॉलो नाइट’ हा गेमच मुळात लोकांनी आगाऊ दिलेल्या पैशांतून उभा राहिला. २०१४ मध्ये टीम चेरीने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले. दोन हजारांहून जास्त लोकांनी मिळून ५७ हजार दिले. पैसे वाढले तसं त्यांनी हॉर्नेट नावाचं पात्र खेळायला देण्याचं वचन दिलं. तेच वचन फुगत फुगत ‘सिल्कसाँग’ झालं आणि त्या जुन्या देणगीदारांना तो फुकट मिळाला. तेव्हा कुणीच आगाऊ पैसे दिले नसते तर ही सगळी कहाणी घडली असती का?

बहुधा नसती. पण किकस्टार्टरवर पैसे देणारा डोळे उघडे ठेवून धोका पत्करतो. गेम झालेला नाही, कदाचित होणारही नाही, हे त्याला माहीत असतं; त्याच्या पैशाने गेम होतो. ‘हेडीज २’ने मे २०२४ पासून अपुऱ्या अवस्थेतला गेम पीसीवर विकला, तिथेही अपुरा आहे हे पाटीवर लिहिलेलं होतं आणि दिलेल्या पैशांत त्याच दिवशी खेळायला मिळत होतं. प्री-ऑर्डरमध्ये यातलं काहीच नाही. गेम जवळजवळ तयार, कंपनी पैशाने भरलेली, आणि तुमचा पैसा फक्त पहिल्या आठवड्याचा आकडा फुगवायला.

हा फरक पुण्याला चांगला ठाऊक असायला हवा. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’साठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर हात पसरला तेव्हा ठरवलेली रक्कम जमली नाही. मंडळी तरीही चिकटून राहिली. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आला तो आधी निन्टेन्डो स्विचवर, म्हणजे भारतात अधिकृतपणे न विकल्या जाणाऱ्या कन्सोलवर! भावाला शोधत निघालेली राजी, तिच्या हातातला त्रिशूळ, तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू, आणि मधले प्रसंग बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळातून उलगडणारे. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या उत्तम गेमसाठी त्याला नामांकन होतं. डाउनलोडचं दुकान नसतं तर पुण्यातला एक छोटा चमू आपला गेम जगभरच्या टीव्हीवर कुठल्या वाटेने नेणार होता? आणि २०१७ मध्ये आगाऊ पैशांची खरी गरज होती ती त्यांना. तेव्हा मात्र आपले हात आखडले.

चांगल्या चमूचा गेमही पहिल्या दिवशी परिपूर्ण नसतो, हे ‘सिल्कसाँग’नेही दाखवलं. हॉर्नेट हवेतून खाली वार करते तो तिरका. आधीच्या गेममध्ये सरळ खाली वार करायची सवय लागलेले खेळाडू पहिले दोन-तीन तास नुसते काट्यांवर पडत होते. सुरुवातीच्या काही शत्रूंना पहिल्या दुरुस्तीत थोडं सौम्य करावं लागलं. चिनी भाषांतरावर तर इतकी टीका झाली की तिथल्या खेळाडूंनी स्टीमवर गेमचे गुण खाली ओढले. कुणी प्री-ऑर्डर केलेली नसल्याने फसवलं गेल्याची भाषा मात्र फारशी ऐकू आली नाही. ज्यांना घाई होती त्यांनी घाईची किंमत मोजली, बाकीच्यांनी महिनाभराने डागडुजी झालेला गेम घेतला.

येत्या काळात वाट बघण्यासारखं बरंच आहे. टीम चेरीने ‘सिल्कसाँग’साठी ‘सी ऑफ सॉरो’ हा नवा भाग जाहीर केला आहे, तोही फुकट. नॉडिंग हेड्सच्या ‘राजी : कलियुग’ची घोषणा झाली आहे. विशलिस्टमध्ये टाका, ट्रेलर दहादा बघा, डेमो आला तर खेळा, मित्रांशी वाद घाला. या सगळ्याला एक पैसा पडत नाही आणि छोट्या चमूला विशलिस्टचा आकडा खरोखर कामी येतो.

‘कलियुग’बद्दल माझं ठरलं आहे. उद्या या मंडळींनी गेम पुरा करायला मदत मागितली तर बुडीत खात्यात धरून पैसे देईन. आज प्री-ऑर्डर केलीत तर राजीला सोन्याचा त्रिशूळ, असं कुणी म्हणालं तर तो त्रिशूळ मला नको. गेम येऊ दे, चार जणांना दोन दिवस खेळू दे, आणि चांगला निघाला तर सेलची वाट न बघता पुरी किंमत मोजून घेईन.