गोळी, काढा आणि एकवीस दिवस

थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बाईला प्रत्येक लग्नात, प्रत्येक सणावाराला एक प्रश्न हमखास येतो. "अगं बाई, म्हणजे आयुष्यभर घ्यायची?" विचारणाऱ्याचा चेहरा इतका पडलेला असतो की आपणच त्याला धीर द्यावा असं वाटतं. मी २००९ पासून ही गोळी घेते आहे. सध्या ७५ मायक्रोग्रॅम. म्हणजे एका मिलिग्रॅमचे तेरा-चौदा भाग केले तर त्यातला एक. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा मोठा सुस्कारा!

तर आज ह्याच विषयावर लिहायचं आहे. घरातली बरीच मंडळी हे वाचतात हे मला माहीत आहे, आणि त्यांनी वाचावं म्हणूनच लिहिते आहे.

आधी हे सांगते की मी काढ्यांच्या विरुद्ध नाही. आमच्या घरात आयुर्वेद आहे, योगासनं आहेत, आजीची मात्रांची सहाण अजून आहे. आत्तापर्यंत मला सुचवले गेलेले उपाय असे: कांचनार गुग्गुळ, धन्याचं पाणी, अश्वगंधा, होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या, सर्वांगासन, उज्जायी, गळ्याला मातीचा लेप, कोबी बंद, फ्लॉवर बंद, गहू बंद, आणि साध्या मिठाऐवजी सैंधव. ह्यातल्या काहींचा मला फायदाही झालाय. प्राणायामाने झोप सुधारली, चालण्याने गुडघे सुटले, बद्धकोष्ठाला त्रिफळा बरा पडतो. माझं भांडण ह्यांच्याशी नाही. भांडण आहे ते "ह्याच्या जागी हे" म्हणणाऱ्यांशी.

माझ्या मावसबहिणीची गोष्ट सांगते (तिला विचारून, तिने लिही म्हटलं म्हणून). तिचा थायरॉइड हाशिमोटोचा. म्हणजे शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच आपल्या ग्रंथीला परकी समजून हळूहळू पोखरते. हाकारू हाशिमोटो ह्या जपानी डॉक्टरने १९१२ साली हे वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव. तिला १०० मायक्रोग्रॅमची गोळी होती, तब्येत चांगली होती, नोकरी चालू होती. मूल हवं होतं, आणि मावशीच्या मनाने घेतलं की "केमिकल अंगात असताना" दिवस राहू नयेत. मावशीच्या ओळखीतून एका निसर्गोपचार शिबिराचा पत्ता मिळाला. एकवीस दिवस. तिथल्या माणसाने पहिल्याच दिवशी गोळ्यांची बाटली बंद करायला लावली.

आणि खरं सांगू? एकवीस दिवस ती मजेत होती! पहाटे उठणं, दुधीचा रस, मोड आलेली कडधान्यं, आसनं, मोबाइल बंद, ऑफिस नाही, सासर नाही. तीन किलो वजन उतरलं. निघताना अभिप्रायाच्या वहीत तिने पानभर कौतुक लिहिलं. आम्हां सगळ्यांना फोन करकरून सांगितलं, गोळी सुटली.

पुढचं सांगण्याआधी ह्या एकवीस दिवसांचं गणित सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे. ह्या गोळीत जे असतं, थायरॉक्सिन, ते शरीरातून फार सावकाश जातं. साधारण आठवड्याने त्यातलं निम्मं उरतं. दोन आठवड्यांनी पाव. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटीही अष्टमांश शिल्लक असतं. शिवाय ते कमी झाल्यावर शरीर मंदावायला आणखी वेळ लागतो. म्हणजे गोळी बंद केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे माणूस चालतो तो जुन्या गोळीवरच, आणि श्रेय जातं दुधीच्या रसाला. म्हणूनच डोस बदलला की डॉक्टर सहा आठवड्यांनी टीएसएच करायला सांगतात, आठ दिवसांनी नाही. शिबिर सहा आठवड्यांचं असतं तर त्या अभिप्रायाच्या वहीत काय लिहिलं गेलं असतं, असा विचार मी अनेकदा करते.

तिसऱ्या महिन्यात तिचा आवाज बसला. सर्दी असेल. चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला. जागरण असेल. फोनवर बोलताना ती वाक्याच्या मध्येच थांबायची, शब्द शोधायची. मे महिन्यात शाल घेऊन बसली होती, आणि मावशी म्हणत होती, शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत, त्रास व्हायचाच. शेवटी जिन्यात दोन मजले चढून ती मटकन बसली तेव्हा तपासणी झाली. टीएसएच साठच्या वर. साधारण चारच्या आसपास वरची मर्यादा असते.

ह्यात मला सर्वांत जास्त कशाचा राग आला असेल तर मूल हवं असतानाच गोळी बंद करायला लावली ह्याचा. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पहिल्या तीन महिन्यांत काही कामाची नसते. त्या काळात त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉक्सिन आईकडूनच येतं. उलट दिवस राहिल्यावर अशा बाईचा डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो. "केमिकल" म्हणून जे काढून टाकलं, ते नेमकं बाळालाच हवं असणारं. आणि केमिकल म्हणजे तरी काय? गोळीतला रेणू आणि ग्रंथीतला रेणू एकच. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका बाईला टोचला. ती पुढे २८ वर्षं जगली, अर्थात उपचार चालू ठेवून. नैसर्गिकच हवं असेल तर तो उपाय होता म्हणायचा, आमच्या शाकाहारी मावशीला तो चालला असता की नाही कोण जाणे. पुढे १९१४ साली केंडॉलने ते द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं, १९२० च्या दशकात ते प्रयोगशाळेत बनलं, आणि मेंढ्या सुटल्या.

"पण अमुक बाईंची गोळी खरंच सुटली!" असं कोणीतरी म्हणणार. सुटली असेल. बाळंतपणानंतर काहींचा थायरॉइड बिघडतो आणि बऱ्याच जणींचा वर्षभरात आपोआप ठीक होतो. टीएसएच थोडासाच वाढलेला असेल तर काही महिन्यांनी पुन्हा केल्यावर तो कितीतरी वेळा सरळ येतो. अशा वेळी काढा घेतला काय किंवा सत्यनारायण केला काय, निकाल तोच. ज्याची ग्रंथीच पोखरली गेली आहे किंवा ऑपरेशनमध्ये काढली आहे, त्याला ह्या उदाहरणांचा उपयोग नाही. आणि डॉक्टरांना विचारून, रिपोर्ट बघत डोस कमी करून पाहता येतो की. कोणी बाटली फेकायला सांगत नाही.

काही उपाय नुसते निरुपयोगी नाहीत, आडवे येणारे आहेत. सैंधवात सहसा पुरेसं आयोडीन नसतं. आपल्या देशात १९६२ पासून गलगंडाविरुद्ध सरकारी कार्यक्रम चालू झाला, मिठात आयोडीन घालायला लागले, ते उगाच नाही. उलट्या टोकाला समुद्री शेवाळाच्या गोळ्या, त्यांत आयोडीन इतकं की हाशिमोटोवाल्याचं बिनसतं. अमेरिकेत २०१३ साली थायरॉइडसाठीच्या दहा 'नैसर्गिक' पूरक गोळ्या तपासल्या, तर नऊंमध्ये चक्क थायरॉइडचं संप्रेरक सापडलं. गुण येणारच! केस गळतात म्हणून घेतलेलं बायोटिन तर रक्ताची तपासणीच चुकवतं. रिपोर्टमध्ये वाटतं थायरॉइड वाढलाय. तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवावं लागतं. कोबीचं भय मात्र उगीच आहे. शिजवलेली कोबीची भाजी खुशाल खा.

कांचनार म्हणजे ज्याची पानं आपण दसऱ्याला आपटा समजून ओरबाडतो त्या कांचनाचाच भाऊबंद. जुन्या ग्रंथांत तो गंडमाळेसाठी, गळ्यावर दिसणाऱ्या गाठींसाठी सांगितला आहे. टीएसएच त्या ग्रंथकारांसमोर नव्हता. त्यांनी जे म्हटलं नाही ते त्यांच्या तोंडी घालणं हा त्यांचाही अपमानच.

आता दुसरी बाजू. माझी मावसबहीण काही भोळी नाही, इंजिनिअर आहे. ती शिबिराला का गेली? कारण गोळी चालू असतानाही ती दमायची, केस जायचे, वजन हलायचं नाही, आणि हे सांगितल्यावर डॉक्टर कागद बघून म्हणायचे, "टीएसएच नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही." चार मिनिटं. शिबिरातल्या माणसाने पहिल्या दिवशी तिला पाऊण तास ऐकून घेतलं. झोप, पाळी, सासर, ऑफिस, सगळं. तिची हिमोग्लोबिनची किंवा बी-१२ ची तपासणी कोणी आधी केली असती तर दमण्याचं कारण कदाचित तिथेच सापडलं असतं (नंतर केली, दोन्ही कमी निघालं). ऐकून न घेणाऱ्या डॉक्टरांनी जेवढी माणसं शिबिरांकडे पाठवली आहेत, तेवढी जाहिरातींनी पाठवली नसतील असं माझं स्पष्ट मत आहे.

माझं म्हणाल तर, सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी पाण्याबरोबर गोळी. चहा तासाभराने. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी रात्री, कारण दोन्हींमध्ये चार तासांचं तरी अंतर हवं. बाटली ओट्यावर गॅसजवळ नाही, कपाटात. मग अर्धा तास आसनं. मानेच्या मणक्यांमुळे सर्वांगासन मला वर्ज्य आहे, त्याऐवजी भिंतीला पाय लावून पडते. वैद्यांकडेही जाते, पण त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "गोळी चालू ठेवून या." म्हणूनच जाते.

मावसबहिणीची गोळी त्याच आठवड्यात परत सुरू झाली. आवाज यायला दोन महिने लागले. आसनांचा वर्ग तिने सोडलेला नाही, मोड आलेली मटकीही चालू आहे. पुढची तपासणी पंधरा तारखेला आहे. मावशी मात्र हल्ली रोज सकाळी साडेसहाला तिला फोन करते आणि "घेतलीस का गं?" एवढं विचारून ठेवून देते.