आठशेसत्तर कुठले गाव?

माणसाला आडनाव, तसा टेलिफोनच्या हिशेबात गावाला आकडा. वर्धा ०७१५२, हिंगणघाट ०७१५३, आर्वी ०७१५७. मी मराठीचा प्राध्यापक. आकड्यांशी माझा संबंध हजेरीपटापुरता. तरी हे आकडे पाठ आहेत, कारण एसटीडीच्या दुकानासमोर रांगा लावणाऱ्या पिढीतला मी.

पण ८७० हे कुठले गाव? आर्वीच्या एका बाईंनी मला हे विचारले. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. पोटासाठी व्यापारी जहाजावर गेला. जहाज भर समुद्रात गेले की मोबाईल मुका होतो, मग तो उपग्रहाच्या फोनवरून घरी बोलतो. अनोळखी परदेशी नंबर उचलू नका, अशा सूचना हल्ली जिकडेतिकडे मिळतात. बाई आज्ञाधारक. तीनदा फोन आला, तीनदा त्यांनी तो बंद केला.

"सर, हे ८७० कोठचं हाय जी? पोराचा तर दहा दिवसांपासून फोन नाही."

हे गावही नव्हे नि देशही नव्हे. भारताला जसा ९१, तसा इन्मारसॅट नावाच्या उपग्रहजाळ्याला हा क्रमांक दिलेला आहे. पूर्वी तर समुद्रासमुद्राचे आकडे असत: पूर्व अटलांटिक ८७१, पॅसिफिक ८७२, हिंदी महासागर ८७३, पश्चिम अटलांटिक ८७४. म्हणजे मुलाला फोन लावायचा तर तो कुठल्या समुद्रात आहे हे आईला आधी ठाऊक हवे! ३१ डिसेंबर २००८ ला ते आकडे बंद झाले. आता सगळ्या समुद्रांना मिळून एकच ८७०.

तिकडून इकडे फोन लावण्याचीही रीत आहे. आधी ००, मग ९१, मग ७१५७, मग घरचा नंबर आणि शेवटी # ही चौकटीची खूण. घरी मोबाईल असेल तर ९१ पुढे त्याचे दहा आकडे. गावाच्या आकड्यातले पहिले शून्य गळते. संधीत स्वराचा लोप व्हावा तसे. असे यंत्र कोणी वर्ध्याच्या बजाज चौकात आणले, तरी समोरच्या दुकानात बोलायला एवढेच आकडे फिरवावे लागतील. (आणू मात्र नका. सरकारी परवानगीवाचून असा फोन बाळगणे आपल्याकडे गुन्हा आहे.)

निरोप ठेवण्याची, फोन दुसरीकडे वळवण्याची सोय अशा यंत्रांत असते. पण जहाजावरचा फोन पुष्कळदा सामाईक. आईचा निरोप कप्तानाने ऐकायचा, हे काही बरे नव्हे. उलट फोन करायचा तर खर्च फार. तेव्हा उचलणे एवढेच आईच्या हाती.

आणखी एक सांगितले. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, उत्तराला तितकाच. म्हणून विचारून झाले की क्षणभर गप्प बसायचे.

जाता जाता हेही बोललो, की परदेशांशी उपग्रहामार्फत बोलण्याचे भारतातले पहिले व्यापारी भूकेंद्र आर्वीलाच झाले; विक्रम साराभाईंचे नाव देऊन ते १९७२ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले. ती आर्वी पुणे जिल्ह्यातली, नारायणगावजवळची. पण तोवर बाईंच्या चेहऱ्यावर इतका अभिमान दिसू लागला होता, की जिल्ह्याचा खुलासा मी गिळला.

तो नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये मुलाच्या नावाने घालून दिला. रविवारी फोन आला. पहिली दोन मिनिटे मायलेक एकदमच बोलत होते म्हणे. मग बाईंना गप्प बसायचे आठवले.