बॉम्ब एकदाच पडला, बहिष्कार चालूच राहिला



हिरोशिमा म्हटले की आपल्याला छत्रीसारखा उंच उठलेला तो धुराचा ढग आठवतो. शाळेच्या पुस्तकात तो आपण पाहिलेला असतो. आज आम्हांला सांगावयाचे आहे ते त्या ढगाखालून जिवंत बाहेर आलेल्या माणसांविषयी.

६ ऑगस्ट १९४५. सकाळचे सव्वाआठ. विमानहल्ल्यात आग पसरू नये म्हणून शहरातली घरे पाडून मोकळे पट्टे करण्याचे काम चालू होते. त्या कामावर बारा-तेरा वर्षांची शाळकरी मुलेमुली जुंपलेली होती. अशा सुमारे सहा हजार मुलांचा त्या बॉम्बने बळी घेतला. तीन दिवसांनी नागासाकीची पाळी आली. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७०,००० माणसे मेली. युद्ध जपानच्या राज्यकर्त्यांनी पेटविले होते आणि चीन-कोरियाच्या जनतेवर त्यांनी अनन्वित अत्याचार केले, हे विसरता येत नाही. परंतु त्याची शिक्षा भोगली ती या लेकरांनी.

जे वाचले त्यांना जपानीत ‘हिबाकुशा’ म्हणतात. कुणाचे केस गळाले, कुणाच्या अंगावर जांभळे डाग उठले. काहींना काही वर्षांनी रक्ताचा कर्करोग झाला. सादाको सासाकी ही मुलगी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. १९५५ साली, बाराव्या वर्षी, ती त्याच रोगाने गेली.

याहून वाईट वाटते ते पुढेच. हा रोग आपल्याला लागेल, या भीतीने लोक हिबाकुशांपासून दूर राहू लागले. त्यांना नोकरी देताना मालक कचरत. हिरोशिमाची मुलगी म्हटली की ठरत आलेले लग्न मोडे. तिची मुले अपंग होतील, असा सर्वांचा समज. वास्तविक वाचलेल्यांना पुढे झालेल्या मुलांचा कित्येक वर्षे अभ्यास झाला, आणि त्यांच्यात आनुवंशिक व्यंगांचे प्रमाण वाढल्याचे आजवर आढळलेले नाही. पण समजाला पुरावा लागत नाही.

सरकारने मोफत उपचारांचा कायदा केला तो १९५७ साली, म्हणजे बारा वर्षांनी. त्यासाठी हिबाकुशा असल्याची एक पुस्तिका मिळे. पण ती काढली तर ओळख उघडी पडते, न काढली तर औषध मिळत नाही. कित्येकांनी मुलीबाळींच्या लग्नाकडे पाहून ती काढलीच नाही. हा पेच आमच्या वाचकांना समजावून सांगावा लागणार नाही.

मेलेल्यांत आणि भाजलेल्यांत हजारो कोरियन होते. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता, आणि त्यांतल्या अनेकांना सक्तीने मजुरीसाठी आणलेले होते. त्यांचे स्मारक १९७० साली उभे राहिले, पण हिरोशिमाच्या शांती उद्यानाच्या बाहेर. ते आत यायला १९९९ साल उजाडले. बॉम्बने जपानी-कोरियन असा भेद केला नाही. तो माणसांनी केला. मेल्यावरही वेशीबाहेर!

या माणसांनी मात्र हार मानली नाही. १९५६ साली त्यांनी आपली संघटना बांधली. तोंड लपवून जगायचे नाकारून आपले व्रण जगाला दाखविले आणि ‘पुन्हा कुणावर ही वेळ नको’ अशी मागणी केली. त्या ‘निहोन हिदानक्यो’ संघटनेला २०२४ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२५ साली हयात हिबाकुशांची संख्या प्रथमच एक लाखाच्या खाली आली. त्यांचे सरासरी वय आता ८५ च्या पुढे आहे. सांगणारे तोंड थोड्याच दिवसांत मिटणार आहे.

म्हणून माता-भगिनींना आमचे सांगणे आहे. मुलांना हिरोशिमाची गोष्ट सांगाल तेव्हा ढगापाशी थांबू नका. जिचे लग्न मोडले त्या मुलीचीही गोष्ट सांगा. बॉम्ब बनविणे आपल्या मुलांच्या हाती कदाचित कधीच येणार नाही. पण होरपळलेल्या माणसाला जवळ करायचे की दूर लोटायचे, हे त्यांना रोज ठरवावे लागणार आहे.